लोणी-डोशाचं एस्टिमेट

दत्ताअण्णा जाधवांबरोबर हॉटेलात जेवायला बसायचं म्हणजे अंगात सबुरी लागायची. सप्लायरनं डोसा आणून ठेवला की आपला हात पुढं जायच्या आत ते म्हणायचे, "थांबा बाई, जरा थांबा." मग चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून ते समोरच्या ताटलीकडं बघायचे. डोशाचा घेर, कडेची जाडी, वर विरघळत चाललेला लोण्याचा गोळा, आतल्या भाजीचा फुगवटा, सगळं त्या नजरेखालून जायचं. तोवर लोणी डोशात जिरून जायचं आणि चटणीला पाणी सुटायचं. मग निकाल यायचा. "साडेतीनशे धरा. लोणी वेगळं धरलं तर साडेचारशे. हं, करा सुरू."

ही तपासणी एकाच ताटलीची व्हायची, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे शालाक्काच्या. आमच्या ताटलीत काय आहे याच्याशी अण्णांना देणंघेणं नव्हतं, पण तिच्या कॅलरींचा आकडा लागल्याशिवाय टेबलावरच्या कुणी घास घेतलेला त्यांना चालायचा नाही. आमचे हे तेवढ्या वेळात मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघून घ्यायचे. मी मात्र अण्णांकडं बघत बसायची. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. एक शहाणासुरता माणूस डोशाकडं रोखून बघतो आणि आकडा सांगतो, याचं मला नवलही वाटायचं आणि हसूही यायचं.

हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. अण्णा सरकारी बांधकाम खात्यात होते, एस्टिमेट करायच्या टेबलावर. रस्ता व्हायच्या आधी त्याला खडी किती लागेल, मोरी बांधायच्या आधी सिमेंट किती जाईल, हे सांगण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. कुणाच्या लग्नाला गेले की मांडवाच्या दारात उभं राहून किती पानं उठतील ते सांगायचे. मी गच्चीवर सांडगे घातले तर भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "वाळल्यावर दोन डबे धरा बाई, तिसरा काढू नका." 'धरा' हा त्यांचा लाडका शब्द. एकदा मी चिडवलं, "अण्णा, तुमचं सगळं धरलेलंच असतं, खरं कधी सांगणार?" त्यांना राग आला नाही. म्हणाले, "काम सुरू करायचं तर आधी आकडा लागतो, बाई. खरा आकडा काम संपल्यावर कळतो. तोवर हाताशी काहीतरी पाहिजे की."

शालाक्का अळणावरच्या बाजूच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. उंचीनं लहान, आवाजानं त्याहून लहान. अण्णा घरात मोठ्यानं बोलायचे आणि ती हळू उत्तर द्यायची, त्यामुळं भिंतीच्या अलीकडं आम्हाला नेहमी निम्मंच संभाषण ऐकू यायचं. दोघं कधीमधी हॉटेलात जायची तेव्हा कॉफी बाय-टू मागवायची. एक कप, दोन पेले. हा खर्चाचा प्रश्न नव्हता. पूर्ण कप तिला जास्त होतो असं ती म्हणायची, आणि तिचा निम्मा पेलाही शेवटी अण्णांच्याच पोटात जायचा.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त, मग अल्सर असं करत करत आतड्याचा कॅन्सर निघाला. हुबळीतल्या मोठ्या हॉस्पिटलात औषध सुरू झालं. ठराविक दिवसांनी जायचं, दिवसभर सलाईन लावून घ्यायचं, रात्री घरी. डॉक्टरांनी अण्णांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की शरीरात ताकद असली तरच हे औषध देता येतं. वजन टिकलं तर औषध चालू राहील. वजन असंच उतरत गेलं तर थांबवावं लागेल, आणि थांबवलं तर पुढं आमच्या हातात काही नाही.

दुसरा एखादा माणूस हे ऐकून देवाला गेला असता. अण्णा आहार सांगणाऱ्या मुलीकडं गेले. नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोर ती. तिनं दिवसाला किती कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत ते सांगितलं, आणि अण्णांचा चेहरा उजळला. संध्याकाळी भिंतीपाशी येऊन ते मला म्हणाले, "बाई, आकडा मिळाला." इतके दिवस नुसती भीती होती, आता करण्यासारखं काम मिळालं, असं त्यांना झालं होतं. मलाही त्या क्षणी बरं वाटलं.

अडचण अशी होती की घरचं अन्न शालाक्काला जात नव्हतं. जन्मभर ज्या चुलीपुढं उभी राहिली तिथल्या फोडणीच्या वासानं तिला उलटी व्हायची. मी डबा दिला तर मला वाईट वाटू नये म्हणून ती दोन घास घ्यायची आणि झाकण लावायची. पण एकदा हॉस्पिटलातून येताना गोकुळ रोडवरच्या एका हॉटेलात थांबले, तर तिथं तिनं अख्खा डोसा संपवला. अण्णांच्या डोळ्यांदेखत. त्या दिवसापासून ठरलं. बाहेर, माणसांत, दुसऱ्यानं केलेलं असलं की तिला जातं. मग रविवारचं हॉटेल सुरू झालं, त्याला बुधवार जोडला, आणि बघता बघता एक दिवसाआड आमची वरात कुठल्या ना कुठल्या हॉटेलात. अण्णा, शालाक्का, त्यांची मुलगी विद्या आणि आम्ही दोघं. आम्ही नको म्हटलं तर अण्णा म्हणायचे, "चार माणसं असली की ती दोन घास जास्त खाते. तुम्ही नुसतं बसा."

नुसतं बसणं कुठलं. प्रत्येक वेळी नवं नाटक. अण्णा मेनूकार्ड मागून पुढं वाचायचे, कारण तळलेलं आणि गोड शेवटच्या पानावर असतं. सूप या प्रकाराचा त्यांना मनस्वी राग. "पाणी आहे ते. पोट भरतं, आकडा भरत नाही." इडलीलाही त्यांच्या दरबारी मान नव्हता. लोणी-डोसा, तुपातला शिरा, दाण्याच्या पुरणाची शेंगाहोळगी, काजू घातलेला कुर्मा, ही त्यांची माणसं. मी एकदा म्हटलं, "अहो, आजारी बाईला हलकं काही द्यावं." त्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. "शालूच्या पोटात जागा कमी आहे, बाई. प्लॉट लहान असला की काय करायचं? मजले वाढवायचे." शालाक्का हसली. हसताना तिनं पोटावर हात धरला, हे मी बघितलं.

विद्या धारवाडला बँकेत होती आणि तिचं वजन कमी करायचं चाललेलं. तिच्या मोबाइलमध्ये ते मोजायचं ॲप. म्हणजे एकाच टेबलावर बाप चढवायला बसलेला आणि लेक उतरवायला. ती निम्मा डोसा बाजूला सारायची आणि फोनवर बोट फिरवून म्हणायची, "अप्पा, साडेचारशे नाही, इथं कमी दाखवतंय. मीडियम डोसा."

"मीडियम म्हणजे काय? बंगळूरचा मीडियम की हुबळीचा?"

"अप्पा, ॲपला काय माहीत हुबळी."

"मग त्याला विचारतेस कशाला? इथं समोर बसलोय की मी."

ही भांडणं ऐकून शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायची. एक जण तर उठून आला आणि आपल्या पोटाकडं बोट दाखवून कन्नडमध्ये विचारलं, की सर, कमी करायला काय खावं. अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, "नशीबवान आहेस, घरी जा."

एकदा तर कहर झाला. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात लोणी नक्की किती घालतात ते कळेना, म्हणून अण्णा सरळ उठून भटारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात मागं बांधलेले. तव्यावरचा माणूस बावचळला. त्यानं आत निरोप दिला, आतून मॅनेजर धावत आला आणि "येन बेकु सर?" म्हणून विचारायला लागला. अण्णा म्हणाले, काही नको, फक्त बघतोय. सरकारी माणसानं 'फक्त बघतोय' म्हटल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या टेबलावर जो डोसा आला त्याच्यावर लोण्याचे तीन गोळे होते, आणि मॅनेजर स्वतः टॉवेल घेऊन टेबल पुसत होता. अण्णांना आतला प्रकार कळलाच नाही. परत येताना गाडीत ते खुशीत म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो. शंभर जास्तच धरा आज."

त्या दिवसांत अण्णा खरोखर आनंदात असायचे, हे मी आज सांगितलं तर कुणाला पटणार नाही. ताटली रिकामी झाली की ते खुर्चीला टेकायचे आणि एक मोठा श्वास सोडायचे. त्या श्वासासाठीच आम्ही जात होतो असं मला वाटतं.

शालाक्का स्वतःहून कधी काही मागायची नाही. एकदाच म्हणाली. धारवाडच्या एका खानावळीवरून जाताना भाकऱ्या थापायचा आवाज आला तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावली. "मला भाकरी आणि एण्णेगाई खाऊ दे की हो एकदा." भरल्या वांग्याची ती भाजी तिच्या माहेरची. अण्णांना भाकरी म्हणजे वाया गेलेली जागा. त्यांनी होळगीचं नाव काढलं. तेव्हा ती त्याच हळू आवाजात म्हणाली, "रोज तुमच्या हिशेबाचं खाते. एक दिवस माझ्या जिभेचं." अण्णा खानावळीत गेले, आणि भाकरी आल्यावर वर एवढं लोणी थापलं की भाकरी दिसेना. तिनं लोणी बोटानं बाजूला केलं, चतकोर खाल्ली, वांग्याचा एक तुकडा खाल्ला आणि उरलेलं त्यांच्याकडं सरकवलं. "मीठ जास्त झालंय का बघा की." ते बघता बघता त्यांनी ते संपवलं. मीठ बरोबर होतं म्हणाले.

यात मला काही वेगळं दिसलं नाही. कुणालाच दिसलं नसतं. आपल्याकडं बाई हॉटेलात बसली की तिचं ताट तिचं एकटीचं कधी असतं? हा घ्या, हे चाखून बघा, एवढं संपवून टाका, असं म्हणत ती देत असते आणि समोरचा घेत असतो. मीही आमच्या ह्यांना देते. ते स्कोअर बघत बघत खातात आणि आपण काय खाल्लं हे त्यांना घरी आल्यावर विचारलं तर सांगता येत नाही. माझी आईही द्यायची. मीठ बघायला म्हणून, गार होईल म्हणून, टाकवत नाही म्हणून. देणाऱ्या हाताला सवय आणि घेणाऱ्या तोंडालाही सवय.

तो दिवस हॉस्पिटलातला. विद्याला रजा मिळाली नव्हती म्हणून मी बरोबर गेले होते. औषध द्यायच्या आधी वजन करतात. शालाक्का काट्यावर उभी राहिली, आणि ती नर्स पोरगी कागदाकडं आणि काट्याकडं बघून हळूच म्हणाली, "कडिमी आगेत्री सर." कमी झालंय. आणि थोडंथोडकं नाही.

अण्णांनी ते मानलंच नाही. रोज डोळ्यांसमोर डोसे, शिरे, होळग्या गेलेल्या. "तुमचं मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "माझं वजन गेली कित्येक वर्षं एक किलो इकडंतिकडं झालेलं नाही. मी उभा राहतो, बघा." चपला काढून ते काट्यावर चढले. आकडा भलताच जास्त आला. ते विजयानं माझ्याकडं वळले. "बघितलंत बाई? जास्त दाखवतंय."

मशीन जास्त दाखवत असेल तर शालाक्काचं खरं वजन अजूनच खाली जातं, हे गणित मलासुद्धा कळलं. अण्णांना कळायला क्षणभर लागला. नर्सनं पलीकडच्या खोलीतला दुसरा काटा आणला. दोघांनाही त्याच्यावर उभं केलं. आकडे तेच. तिचं जेवढं गेलं होतं साधारण तेवढंच त्यांचं वाढलं होतं. अण्णांनी खाली मान घालून आपल्या पट्ट्याकडं बघितलं. पट्टा शेवटच्या भोकावर होता. ते भोक शालाक्कानंच दाभणानं पाडून दिलं होतं, हे मला माहीत होतं, कारण दाभण माझ्याकडून नेलं होतं.

त्या दिवशी औषध दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे बघू, वजन वर आलं तर देऊ. परतताना शालाक्का मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. अण्णा गाडी चालवत होते. उणकलच्या तळ्यापाशी सिग्नलला थांबले तेव्हा आरशातून मागं बघत म्हणाले, "बाई, ती मला देत होती." मी म्हटलं, "अण्णा, सिग्नल सुटला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना हॉटेलात बोलावलं आणि जायच्या आधी फाटकापाशी उभं करून कायदा सांगितला. आज तिच्या ताटलीतलं कुणी घ्यायचं नाही. तिनं दिलं तरी नाही. मीठ बघायला नाही, चव बघायला नाही. आणि ते स्वतः काही मागवणारच नव्हते, म्हणजे प्रश्नच मिटला.

तो डोसा मी विसरणार नाही. शालाक्कापुढं ताटली आली. अण्णांच्या पुढं नुसता पाण्याचा पेला. त्यांनी आकडा सांगितला नाही, पण टक लावून बघत बसले. विद्याही बघत होती. आमच्या ह्यांनीदेखील फोन खिशात ठेवलेला. तिनं एक तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. दुसरा तुकडा मोडला आणि सवयीनं तिचा हात अण्णांच्या बाजूला गेला. अण्णांनी मान फिरवली. तो हात तसाच अधांतरी राहिला आणि मग परत आला.

"तुम्ही काय खाणार?" तिनं विचारलं.

"मी घरी खाऊन आलोय."

"घरी काय होतं खायला?"

घरात चूल पेटलीच नव्हती. तिनं ताटली थोडी पुढं सारली. "सगळी बघत बसल्यावर एकटीनं कसं खायचं हो? मला लाज वाटते."

"शालू, खा. हात जोडतो."

"जात नाही."

"इतके दिवस गेलं की."

"इतके दिवस तुम्ही खाल्लं म्हणून ताटली रिकामी झाली." ती शांतपणे म्हणाली, तांदूळ संपलेत असं सांगावं तशी. "मला दोन घासांपुढं आधीपासूनच जात नाही. भरलेली ताटली परत गेली असती तर तुमचं तोंड उतरलं असतं. म्हणून दिलं."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही आकडा सांगून किती खूश व्हायचात."

अण्णा उठून हात धुवायच्या नळापाशी गेले. त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं, तरी ते बराच वेळ हात धूत उभे राहिले. विद्या रडायला लागली. शालाक्कानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "बाई, गार होतंय. तुम्ही तरी घ्या की." मी घेतलं नाही. घेतलं असतं तर तिला बरं वाटलं असतं हे मला कळत होतं, पण अण्णांचा कायदा होता आणि ते नळापाशी उभे होते.

दोन आठवड्यांनी वजन अजून खाली गेलं. डॉक्टरांनी औषध थांबवलं. त्यांनी अण्णांना पुन्हा समोर बसवून सांगितलं, की यात तुमची चूक नाही, हा रोगच खातो माणसाला, कितीही घातलं तरी अंगी लागत नाही. विद्यानं तेच सांगितलं, मीही सांगितलं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. पण त्यांच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली होती आणि ती सोडवायची ताकद आमच्यापैकी कुणाच्या शब्दात नव्हती. तिच्या वाटणीचं आपण खाल्लं. आकडे जुळत होते, आणि जन्मभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या माणसाला जुळलेले आकडे खोटे आहेत हे कसं पटवायचं?

शालाक्का त्यानंतर फार राहिली नाही. शेवटी शेवटी चमच्यानं कॉफी द्यायचो. एक चमचा घेतला की ती डोळ्यांनीच अण्णांकडं खूण करायची, की आता त्यांना द्या. अण्णा खोलीबाहेर जायचे.

ती गेल्यावर दिवसवार झाले, पाहुणे पांगले, आणि भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला. आता निम्मंसुद्धा संभाषण ऐकू येईना. मी डबा द्यायची तो तसाच परत यायचा. आग्रह केला की म्हणायचे, "नको बाई. मी बरंच खाल्लंय." पहिल्यांदा मला वाटलं खरंच खाल्लं असेल. मग अर्थ लागला आणि मी आग्रह करायचं सोडलं. मला ते वाक्य ऐकवत नव्हतं. पट्ट्याची भोकं एकेक करून आत सरकत गेली आणि शेवटी शर्ट त्यांच्या अंगावर अडकवल्यासारखा दिसायला लागला.

विद्याची बदली कलबुर्गीला झाली. तिनं अप्पांना बरोबर न्यायचं ठरवलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी भांडीकुंडी बांधून झाली होती, म्हणून विद्या म्हणाली, बाहेर जाऊ. किती दिवसांनी आम्ही हॉटेलात बसत होतो. नेहमीची हॉटेलं टाळून आम्ही गोकुळ रोडवरच एका नव्या ठिकाणी गेलो. अण्णांनी नुसती कॉफी मागवली आणि तीही थंड होऊ दिली. साय धरलेल्या कपाकडं बघत ते बसून होते. आम्ही काय खाल्लं ते मला आठवत नाही. लवकर उरकावं एवढंच मनात होतं.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. नवरा, दोन लहान पोरं आणि त्यांची आई, विशीतिशीतली, अंगानं अगदी काटकुळी. पोरांनी आपलं संपवून तिच्या डोशाकडं मोर्चा वळवला होता. ती तुकडा मोडायची, एकाच्या तोंडात घालायची, दुसरा मोडायची, दुसऱ्याच्या. मधेच एक नवऱ्याच्या ताटलीत. तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता आणि न बघता खात होता. तिच्या स्वतःच्या तोंडात अजून काही गेलेलं नव्हतं.

अण्णा उठले. विद्यानं "अप्पा" म्हणून हात धरायला बघितला, पण ते पोचले होते. त्या बाईच्या खुर्चीशी वाकून ते कन्नडमध्ये म्हणाले, "तंगी, मोदल नी तिन्नवा." आधी तू खा, बाळ. आवाज इतका हळू होता की मला शालाक्काची आठवण झाली. नवऱ्यानं फोन कानापासून बाजूला केला. पोरं चावायची थांबली.

तिनं मान वर करून बघितलं. पुढं वाकलेला, कपडे ढगळ झालेला, दाढीची खुंटं वाढलेला म्हातारा. मग तिची नजर आमच्या टेबलाकडं गेली, अण्णांच्या रिकाम्या जागेपुढच्या एकट्या कपाकडं. तिचा चेहरा कळवळला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली आहे आणि मागायला लाज वाटते आहे. तिनं डोशाचा मोठा तुकडा मोडला, लोणी लागलेला मधला, तो चटणीत बुडवला आणि बसल्या जागेवरूनच अण्णांच्या तोंडापुढं धरला.

"तगोरी अज्जा," ती म्हणाली. घ्या आजोबा.

अण्णा नको म्हणतील असं मला वाटलं. मी खुर्ची मागं सारली होती. पण बाईच्या हातातला घास समोर आला आणि अण्णांचं तोंड उघडलं. त्यांनी तो घेतला. ते चावायला लागले, आणि चावता चावता आपण काय केलं ते त्यांना कळलं असावं, कारण डोळे एकदम भरून आले. गिळता येईना आणि थुंकताही येईना.

ती मात्र समाधानानं हसली. अज्जाला घास गेला म्हणून तिला बरं वाटलं होतं. मग तिनं उरलेल्या डोशाचे दोन तुकडे केले आणि एकेक पोरांच्या पुढं ठेवला. तिच्या ताटलीत चटणी तेवढी राहिली.